एकास आठ मोटारीची सीट आणि आजीचा प्रश्न

मागच्या महिन्यात एका शिबिराहून परतताना चळवळीतले एक जुने सहकारी आमच्याकडे मुक्कामाला थांबले. रात्री जेवणे झाल्यावर ते आमच्या टेबलापाशी आले. टेबलावर काचेचा एक जाड तुकडा, त्यावर बकरीच्या चामड्याची कातरणे, एक रापी, जुन्या मनगटी घड्याळातले सुटे दातेरी चाक, आणि तळहातावर मावेल एवढी मोटारीची एक सीट. त्यांनी सीट उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "समाज कुठे चाललाय, आणि तुम्ही खेळण्यातल्या गाडीला गाद्या शिवत बसलात? हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, सर."

ते हसत म्हणाले, पण आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्यापैकी अनेकांच्या मनात तो येईल, म्हणून त्याला उत्तर द्यायचे ठरवले. दुसरा आक्षेप आमच्या घरातून आला, आजीकडून. तो पहिल्यापेक्षा जड आहे, आणि त्याचे पुरते उत्तर आजही आमच्यापाशी नाही. तरीही लिहितो आहोत.

आधी ही गाडी आली कशी ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आम्ही दरवर्षी जुनी पुस्तके गोळा करतो. मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर बदलत होते. त्यांनी पुस्तकांच्या चार खोक्यांबरोबर एक पाचवे खोके दिले. त्यात मोनोग्राम या अमेरिकन कंपनीचा जग्वार ई-टाइप मोटारीचा जोडणीसंच होता, एकास आठ प्रमाणाचा. त्यांनी तो कधीतरी परदेशी बंदरात घेतला असावा, आणि उघडून तसाच ठेवून दिला असावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या पोरापोरींनी इंजिन जोडले, चाके बसवली, सांगाडा रंगवला. पुढे परीक्षा आल्या आणि काम थांबले. सीटा तेवढ्या राहिल्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी खिडकीतून आत डोकावून म्हणाली, "सर, बाकी गाडी खरी वाटते, सीट मात्र साबणाच्या डबीसारखी."

ती बरोबर बोलली होती. मुठीएवढी गाडी असेल तर आत काळा रंग फासला तरी चालते; नजर आत पोचतच नाही. पण एकास आठ प्रमाणात ही मोटार पंचावन्न सेंटिमीटर लांब होते. एवढ्या गाडीत पाहणाऱ्याची नजर आत जाऊन बसते. बसल्यावर तिला गादी टोचली, तर बाहेरचा सगळा रंग फुकट.

म्हणून आम्ही सीटांचे काम अंगावर घेतले. आधी हिशेब मांडला. खऱ्या मोटारीच्या सीटवरचे चामडे एक मिलिमीटर किंवा किंचित जास्त जाड असते. त्याला आठाने भागले की ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर येतात, म्हणजे वहीच्या कागदाहून थोडे जाड. गादीवरच्या फुगीर पट्टीची रुंदी ४० मिलिमीटर धरली तर लहान गाडीत ती ५ होते. चार मिलिमीटरचा टाका अर्ध्या मिलिमीटरवर येतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा दोरा माणसाच्या केसाएवढा होतो. आणि इथेच पहिली अडचण येते. अर्ध्या मिलिमीटरवर सुईची भोके पाडली तर ते चामडे शिवले जात नाही, पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. म्हणजे टाका घालायचा नाही, टाका दिसला पाहिजे. हे सगळे काम असेच आहे.

चामड्यासाठी आम्ही धारावीला गेलो. पिशव्या, पाकिटे, जॅकेटे करणाऱ्या कारखान्यांतून निघणारी कातरणे तिथे मिळतात. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून जाड चामड्याच्या धंद्याचे गणित कसे फिरले ते दुकानदार न विचारताच सांगतो. आम्हाला बकरीचे पातळ, बारीक दाण्याचे चामडे हवे होते. एक पिशवीभर कातरण, लाल, तपकिरी आणि काळे, दीडशे रुपयांना मिळाले. आम्ही खुशीत घरी आलो आणि पिशवी उघडली.

कमावलेल्या चामड्याला एक वास असतो. पैसेवाल्या गाडीत बसणारा त्या वासाचे कौतुक करतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो भिंतीपर्यंत पोचला आणि आजी आतून बाहेर आली. आजीने पंच्याऐंशी ओलांडली आहे, पण नाक शाबूत आहे.

"ह्ये काय आनलंस?"

"चामडं आहे, आजी. त्या छोट्या गाडीच्या सीटा करायच्यात."

"कातडं?"

ती काही न बोलता गॅलरीत जाऊन बसली. संध्याकाळी चहा घेताना बोलली. तिच्या माहेरच्या गावी जनावर मेले की सांगावा यायचा. "सांगावा आला की उठायचं. ताटावर बसलेला मानूस उठायचा. माझा बा तोंडातला घास टाकून गेलेला मी बघितलाय. मग त्यानं सोडलं. गावानं कामं बंद केली, रानातनं जाऊ दिईनात, तरी सोडलं. आन् तू पैसं दिऊन इकत आनतोस?" मग थोडा वेळ थांबून तिने तो प्रश्न विचारला, "तुला कुनी सांगितलं व्हतं का?"

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले आहे. जात आणि व्यवसाय यांवर वर्गात टाचणे काढली, पेपर लिहिला, बरे गुणही मिळाले. त्या संध्याकाळी त्यातले एक वाक्य तोंडातून निघाले नाही.

तरुण वाचकांना हा संदर्भ पुन्हा सांगावा लागतो, कारण आपल्यातल्या शहरी पिढीला तो पुस्तकातला वाटतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्या लक्षात राहते. पण मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हलकी म्हणून लादलेली कामे सोडा, हेही बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. गावोगाव लोकांनी ढोरे ओढणे बंद केले आणि त्याची किंमत मोजली. पुढे टीका अशी झाली की, कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न सोडून या लोकांनी स्वतःचे नुकसान करून घेतले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या टीकेचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे असे होते की, एवढा नफा असेल तर टीकाकारांनीच ते काम करावे आणि तो नफा घ्यावा. कोणीही पुढे आले नाही, हे वेगळे सांगायला नको.

आजीचा बाप तो नफा सोडणाऱ्यांतला. आणि त्याच्या नातीचे नव्हे, नातीच्याही पुढच्या पिढीचे नव्हे, त्याच्या थेट नातवाचे पोर दीडशे रुपये मोजून तेच कातडे घरात आणते. काय म्हणणार ती?

आठ दिवस पिशवीला गाठ मारून ठेवली. मग नवव्या दिवशी उघडली. का उघडली, ते पुढे येईल.

कातरणाची जाडी व्हर्नियरने मोजली तर ०.७ मिलिमीटर भरली. ती निम्म्याहून कमी करायची होती. ब्लेडने खरवडायला घेतले आणि पहिले चार तुकडे फाडले. शेवटी स्टेशनबाहेर गटईचा पत्र्याचा स्टॉल आहे, तिथल्या काकांकडे गेलो. आमच्या चपला तेच शिवतात. त्यांनी तुकडा पाहिला, ब्लेड पाहिले आणि ब्लेड बाजूला ठेवले. "ह्यानं दाढी करा," म्हणाले. मग रापी काढली. रुंद, अर्धगोल धारेची, वर्षानुवर्षे घासून निम्मी झालेली. चामडे दगडावर उताणे टाकले, म्हणजे दाण्याची बाजू खाली आणि आतली, मऊ बाजू वर. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताण दिला आणि रापी पुढे ढकलली. आमच्या डोळ्यांसमोर साखरेच्या पाकासारखी पातळ साल निघाली. "वढायचं न्हाई, ढकलायचं. आन् बोटाला कळलं पायजे, खाली दगड किती लांब हाय." घरी येऊन आम्ही दगडाऐवजी काच घेतली, एवढाच फरक केला. महिनाभर रविवारचे दोन-दोन तास घालवल्यावर ०.३ मिलिमीटर जमले. ०.१५ जमले नाही. कोणालाच जमत नसावे. पण ०.३ ला चामडे कडेवर दुमडते, फुगत नाही, आणि डोळा माफ करतो.

काकांनी एक दिवस विचारले, "घरात कोन करत व्हतं का हे काम?" आम्ही म्हणालो, आम्ही बौद्ध. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितले ते अभिमानाने सांगितले: त्यांच्या घरात कच्च्या कातड्याला कधी कोणी हात लावला नाही, कमावलेले आणायचे आणि त्याचे जोडे करायचे. म्हणजे मेलेले जनावर ओढणारा एक, कातडे कमावणारा दुसरा, जोडे शिवणारा तिसरा, आणि ते पायात घालून मिरवणारा चौथा. पैकी पहिल्या तिघांनी एकमेकांच्या घरचे पाणी पिऊ नये अशी सोय. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती आमच्यापुढे स्टुलावर बसून, आमच्यावर माया करत, रापी शिकवत होती. आम्हाला राग आला नाही. रुखरुख मात्र लागली, ती अजून आहे.

आता सीट. प्लॅस्टिकच्या सीटवर साच्यातच ओतलेल्या शिवणी असतात, त्या दोरखंडाएवढ्या जाड. त्या आधी पॉलिश पेपरने घासून काढल्या. मग सीटवर कागदी चिकटपट्टी लावली, जिथे खरी शिवण असते तिथे पेन्सिलने रेघ ओढली, रेघेवर कापून पट्टी सोडवली आणि सपाट केली. शिंपी कापड बेततो तसा सीटचा बेत मिळतो: मधला भाग, दोन बाजू, मागची पाठ. रस्त्याकडेच्या गाळ्यात बसणारा कुशनवालाही जुने कव्हर उसवून, त्याचे तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून असाच बेततो. त्याच्याकडे आम्ही दोन दुपारी नुसते बघत बसलो होतो.

फुगीर पट्ट्यांसाठी पातळ पुठ्ठ्यावर पाच-पाच मिलिमीटरवर रेघा मारल्या आणि दोन रेघांमध्ये सुती दोऱ्याचे पेड चिकटवले, मधला जाड, कडेचे बारीक, म्हणजे उंचवटा गोलसर येतो. वरून चामडे. चामडे आधी ओलसर करायचे, मागे फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्यायचा, आणि मधल्या खाचेपासून सुरुवात करून एकेक खाच बोथट सुईने दाबत बाहेर जायचे. कडेपासून सुरुवात केली तर मधल्या पट्ट्यांना चामडे पुरत नाही आणि ते ताणून खाचेतून वर येते. हे आम्हाला तीन सीटा वाया घालवल्यावर कळले. काकांचे रबर सोल्युशनही वापरून पाहिले. ते लगेच धरते, सरकवायला वेळ देत नाही. जोड्याला तेच हवे, इथे नको.

टाक्यांसाठी शिंप्याचे दातेरी चक्र आणले होते, पण त्याचे दात फार विरळ. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून बंद पडलेल्या मनगटी घड्याळाचे एक चाक मागून घेतले, ते पिनेवर बसवले आणि ओलसर चामड्यावर पट्टीच्या आधाराने फिरवले. अर्ध्या मिलिमीटरवर एकेक टिंब उठले. वाळल्यावर त्या टिंबांच्या ओळीत पातळ केलेला गडद रंग सोडून वरून पुसून घेतला, की शिवण दिसते. सीटच्या कडेची पायपिंग म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली तीन मिलिमीटरची चामड्याची पट्टी. तिचे तोंड कुठे मिळते ते लपवणे हेच कौशल्य. आम्ही ते सीटच्या मागे खाली लपवले आहे. खालच्या गालिच्याला फार सांगण्यासारखे नाही: रंगाच्याच गोंदावर नायलॉनच्या तंतूंची भुकटी चहाच्या गाळणीतून चाळायची आणि वाळल्यावर उलटे करून झटकायचे. मखमल लावू नये, तिचे केस एकास आठ गाडीत गुडघ्यापर्यंत येतात.

एवढे करून पहिली सीट गाडीत ठेवली, आणि ती खोटी दिसली.

आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. मग कळले. चामडे खरे होते, हीच चूक होती. बकरीच्या कातडीवरची छिद्रे आणि रेषा यांना कोणी आठाने भागलेले नव्हते. लहान सीटवर त्या आठपट मोठ्या दिसत होत्या; ती सीट बकरीच्या नव्हे, हत्तीच्या कातड्याची वाटत होती. कोकराचे चामडे घ्यावे, पोटाकडचा सैल भाग टाळावा, दाणा बारीक पॉलिश पेपरने उतरवून वर रंग द्यावा, हे उपाय आहेत, आणि आम्ही ते केले. पण दुसऱ्या सीटसाठी आम्ही चामडे बाजूलाच ठेवले. भेटवस्तू गुंडाळतात तो पातळ टिशू कागद घेतला, पाण्यात विरघळवलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवला, त्याच दोऱ्याच्या पट्ट्यांवर बसवला, अर्धवट वाळल्यावर घड्याळाचे चाक फिरवले, आणि तपकिरी रंगाचे चार पातळ हात दिले. शेवटचा हात थोडा मंद चकाकीचा, कारण चामडे काचेसारखे चमकत नाही. कागदाची सीट चामड्यासारखी दिसली. चामड्याच्या सीटपेक्षाही जास्त.

म्हणजे आजीचा प्रश्न आता दुप्पट झाला. कुणी सांगितलेही नव्हते, आणि गरजही नव्हती.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते या सीटचेच आहे. जग्वार आणि रोल्स-रॉइस या इंग्रजी मोटारींना चामडे पुरवणारी कॉनॉली नावाची लंडनची पेढी होती, १८७८ ची. चामडे कमावून, रंगवून, तयार करून देणे हा तिचा धंदा. जुन्या मोटारींच्या शौकिनांत आजही कॉनॉलीचे चामडे असे नाव घेऊन सांगतात. गाडीची किंमत सांगावी तसे. चामडे कमावणाऱ्याचे आडनाव तिथे प्रतिष्ठेचा शिक्का झाले. आपल्याकडे तेच काम करणाऱ्या जातीला ढोर म्हटले. ढोर म्हणजे जनावर. ज्याच्या हाताने कातड्याचे चामडे होते त्याला कातड्याच्या मूळ धन्याचे नाव. आणि लहान गाड्यांचेही तेच. जेराल्ड विंग्रोव्ह या इंग्रज कारागिराने एकास पंधरा प्रमाणात मोटारी स्वतःच्या हाताने, पत्र्यापासून गादीपर्यंत घडवल्या. त्यावर 'द कम्प्लीट कार मॉडेलर' हे पुस्तक लिहिले. त्याच्या गाड्या संग्राहक जपून ठेवतात. त्याला कोणी विचारले नसेल, तुमच्या घरात हे काम कोण करत होते. स्टेशनबाहेरचे काका एकास एकचे काम करतात आणि त्यांचे नाव स्टॉलवर नाही. स्टॉलवर योजनेचे नाव आहे.

इंग्लंडात वर्ग नाहीत असे आमचे म्हणणे नाही. तिथेही कारखान्यात शिवणाऱ्याचे नाव सीटवर नसते. पण तिथे मुलाला बापाचे काम नको असेल तर देव आडवा येत नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी हेच दाखवले: जात ही श्रमाची वाटणी नाही, श्रमिकांची वाटणी आहे. आणि ज्या कामात माणसाची निवड नाही त्यात त्याचे मन आणि बुद्धी उतरत नाही, हेही त्यांनी सांगितले. आम्ही ही ओळ परीक्षेत अनेकदा लिहिली होती. तिचा अर्थ काचेवर चामडे ढकलताना लागला. मन आणि बुद्धी उतरल्यावर या कामात काय काय सापडते, ते आमच्या पणजोबांना कधी पाहूच दिले नव्हते. त्यांच्याकडून घास काढून घेतला, आणि कसबही.

म्हणून नवव्या दिवशी पिशवी उघडली. सांगाव्याशिवाय ते चामडे हातात घेऊन बघायचे होते.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते सगळ्यांना लागू नाही, हेही लिहिले पाहिजे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले. आमच्या आजीच्या गावात ओढले नाही म्हणून छळ, ऊनात सोलले म्हणून मार. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली आणि ती उचलायला नकार दिला. नकार देणे हीच त्यांची निवड होती. आमची निवड एक पिशवी कातरणाची आहे, पंख्याखाली, रविवारी. दोन्ही एका मापाने मोजण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही.

आता सहकाऱ्यांचे चोचले. खर्च असा झाला: संच फुकट, चामडे दीडशे, रंग आणि गोंद चारशेच्या आत, रापी काकांनी जुनी दिली आणि पैसे घेतले नाहीत. महागडे संच असतात, ते आम्हाला परवडत नाहीत आणि हवेही नाहीत. वेळेचे म्हणाल तर, मोर्चा असेल त्या रविवारी काच पुसून ठेवलेली असते. कार्यकर्त्याने मोकळ्या वेळात काय करावे याचा हिशेब आपल्यात फार कडक ठेवला जातो. बाबासाहेबांचे व्हायोलिन पुण्याला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहे. त्यांना ते कोणत्या ठरावाने मंजूर केले होते, हे कोणी विचारत नाही.

सहकारी मित्र या उत्तरावर खूश झाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली: "ड्रायव्हरची सीट एवढी खराब का केली?"

खराब केली, कारण ती वापरलेली असते. नव्याकोऱ्या दोन सारख्या सीटा असलेली गाडी दुकानातली वाटते. खऱ्या गाडीत चालवणारा रोज एकाच बाजूने आत सरकतो, म्हणून त्याच्या सीटची दाराकडची कड आधी झिजते, तिथला रंग उडतो, मग भेगा पडतात. बसायची पट्टी खोलगट होते, खाचेत मळ साचतो, पाठीला घामाचा डाग येतो. शेजारची सीट वर्षानुवर्षे तरुण राहते. आम्ही कडेवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून भेगांत सोडला आणि कापडाने पुसला. फार केले तर गाडी भंगारातली दिसते. हात आवरावा लागतो. आमच्या वस्तीतले निम्मे तरुण दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात. झिज कुठे पडते ते त्यांनीच दाखवले. एकाने तर उजव्या मांडीखालची जागा बोटाने दाखवून सांगितले, "इथे, सर. मालक मागे झोपलेला असतो तेव्हा आपण इथे टेकतो."

आजीने सीटांना अजून हात लावलेला नाही. टेबलावरून झाडू मारताना गाडी उचलून ठेवते, ती चाकांना धरून. मध्ये एकदा म्हणाली, "वास कमी झालाय." त्याच्यापुढे काही म्हणाली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पिशवी आम्ही आता अभ्यासिकेत ठेवतो.

गेल्या रविवारी दोन्ही सीटा डब्यात घालून काकांना दाखवायला नेल्या. झिजलेली चामड्याची, नवी कागदाची. आमच्या अभ्यासिकेत वीस जणांपैकी कोणालाही कुठली कशाची ते ओळखता आले नव्हते. काकांनी चष्मा वर केला, दोन्ही हातांवर एकेक घेतली, नखाने दाबली नाही, नाकाला लावली. "हे आपलं," चामड्याची सीट पुढे करून म्हणाले. आणि दुसरी उन्हात धरून बराच वेळ बघत बसले.

"कागद म्हनताय? मग ह्याला पानी लागलं तर?" आम्ही सांगितले, रंगाचे चार हात आहेत, लागत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाचा जोडा बाजूला सरकवला आणि स्टुलावर जागा केली.

"बसा. कसा केला ते दाखवा."